बाण भात्यात असतो तेव्हा

देवादिकांच्या चित्रांनी भात्याची जी प्रतिमा आपल्या मनावर कायमची ठसवून ठेवली आहे ती अशी की, वीरपुरुषाच्या खांद्यामागे वेलबुट्टीचा एक निमुळता भाता असावा, त्यातून पिसांची गर्दी डोकावत असावी, आणि हात मागे जातो न जातो तोच हवा तो बाण आपणहून बोटांत येऊन बसावा. अर्जुनाला तर खांडववन जाळण्याच्या प्रसंगी गांडीवाबरोबर अक्षय भातेच प्राप्त झाले. त्यामुळे भात्यात बाण मावतात किती, चालताना ते एकमेकांवर आपटतात काय, आणि खुद्द इंद्राने मुसळधार पाऊस पाडला तेव्हा पिसांचे काय झाले, हे प्रश्न त्याला पडले नाहीत व व्यासांनाही पडले नाहीत. मर्त्य धनुर्धराचे मात्र या प्रश्नांवाचून क्षणभरही चालत नाही. साध्या धनुष्याने रानात खरोखरीच शिकार करणारी जी माणसे आजही जगात आहेत, त्यांच्या बैठकीत धनुष्यापेक्षा भात्यावरच वाद अधिक रंगतो.

अशा माणसांना भेटायचे तर आपल्याला हिंदुस्थानाबाहेर जावे लागते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई आहे, आणि ती असावी हेच योग्य, असे माझे मत आहे. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हरणांची संख्या, शिकारीचा हंगाम आणि परवाने यांचा हिशेब प्रत्येक राज्य स्वतः ठेवते, व त्या हिशेबात धनुष्याने शिकार करणारांसाठी स्वतंत्र हंगाम राखून ठेवलेला असतो. विस्कॉन्सिन राज्याने असा हंगाम १९३४ साली सुरू केला. पुढे कप्प्या लावलेले कंपाउंड धनुष्य आले, त्यावर नेम धरण्याची भिंगे आली, प्रत्यंचा सोडण्यासाठी यांत्रिक चाप आला. तरीही एक संप्रदाय असा राहिला की, ज्याने लाकडाचा लाँगबो किंवा टोके वळवलेला रिकर्व्ह सोडला नाही, आणि बाणाला खऱ्या पिसांऐवजी प्लॅस्टिकची पाती लावण्यास नकार दिला. या शेवटच्या गोष्टीत निव्वळ हट्ट नाही. अशा धनुष्यावर बाण मुठीच्या माथ्यालगतच टेकवलेला असतो. सुटताना पिसे त्या टेकूवर दबतात आणि पुन्हा उभी राहतात, परंतु प्लॅस्टिकचे पाते दबत नसल्यामुळे बाणालाच बाजूला ढकलते.

या संप्रदायाची वंशावळ अर्वाचीन आहे, आणि तीत शल्यचिकित्सकापासून चित्रपटातल्या तिरंदाजापर्यंत नाना प्रकारचे लोक सापडतात. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या मॉरिस व विल थॉम्प्सन या बंधूंनी त्यानंतर धनुष्याची कास धरली, आणि मॉरिसने १८७८ साली लिहिलेल्या ग्रंथाने त्या देशात धनुर्विद्येची मोठी आवड उत्पन्न केली. १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या जमातीचा इशी हा एक पुरुष, आपले सर्व गणगोत नष्ट झाल्यावर, एकटाच रानातून बाहेर आला. विद्यापीठाच्या पदार्थसंग्रहालयात त्याला आश्रय मिळाला, आणि तेथील डॉक्टर सॅक्स्टन पोप यांची त्याच्याशी जी मैत्री जडली तिच्यातून पोप धनुष्य करायला, बाण घडवायला आणि दबा धरायला शिकले. इशीचा भाता पाणमांजराच्या कातड्याचा होता. १९१६ साली क्षयाने त्याचा अंत झाला. परंतु पोप आणि त्यांचे सहकारी आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ साली स्थापन झालेली धनुर्धर शिकाऱ्यांची संस्था आजही त्या विद्येचे दप्तर सांभाळून आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. भात्याची परीक्षा बाण किती चपळाईने बाहेर येतो यावर करावयाची, असा जो सार्वत्रिक समज आहे, तो चित्रांनी आणि चित्रपटांनी पसरवलेला आहे. साध्या धनुष्याचा शिकारी पहाटेच्या काळोखात रानात शिरतो, झाडावरच्या मचाणावर किंवा झुडपाच्या आडोशाला तासन् तास बसतो, मधूनच पावलापुढे पाऊल टाकीत माग काढतो, आणि सावज वीस यार्डांच्या आत आले नाही तर प्रत्यंचेला हातही न लावता परत फिरतो. असे कित्येक दिवस जातात तेव्हा कोठे एखादा बाण सुटतो. आणि तो एक बाण तर सावजाची चाहूल लागण्यापूर्वीच प्रत्यंचेवर चढवून ठेवलेला असतो. दुसरा बाण सोडण्याची संधी हरीण सहसा देत नाही. म्हणजे भात्याचे आयुष्य जवळजवळ सगळेच बाण सांभाळण्यात जाते. देण्याचा प्रसंग क्वचित. या सांभाळण्याच्या काळात त्याने आवाज होऊ देता कामा नये, पात्यांची धार जाऊ देता कामा नये, पिसे भिजू वा चुरगळू देता कामा नये, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धन्याला जखम होऊ देता कामा नये. भाता निवडताना ही बाजू पाहावी, चपळाई मागाहून पाहावी, हेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

तरीही प्रारंभ पाठीवरच्या भात्यापासूनच करावा लागतो, कारण पहिले प्रेम बहुतेकांचे त्याच्यावरच जडते. हॉवर्ड हिल या अलाबामाच्या तिरंदाजाने, ज्याने १९३८ च्या रॉबिन हूडच्या चित्रपटात पडद्याआडून बाण मारले, हा भाता अमेरिकेत लोकप्रिय केला. त्याच्या घाटाच्या भात्यातली खुबी कातड्याच्या मऊपणात आहे. नवखा माणूस ताठ, नळकांड्यासारखा भाता पसंत करतो, कारण तो दुकानात रुबाबदार दिसतो. पण अशा भात्यात बाणांना मोकळी जागा मिळते, आणि पावलागणिक दांडे एकमेकांवर वाजू लागतात. मऊ कातड्याचा भाता पाठीवर टाकला की चपटा होतो, त्याची कड बाणांवर मिटते, आणि दहाबारा बाण असले तर त्यांची एक मोळीच बनून ती हलत नाही. देवदारजातीच्या लाकडी दांड्यांचा आवाज तरी मंद, लाकडावर लाकूड लागल्यासारखा येतो. कार्बनचे पोकळ दांडे खडखडतात, आणि तो खडखडाट रानातल्या कोणत्याही नैसर्गिक ध्वनीत मिसळून जात नाही.

या भात्याचे गुण खरेच मोठे आहेत. बाण पुष्कळ मावतात. दोन्ही हात मोकळे राहतात. धनुष्याचा तोल बिघडत नाही. आणि रानात भटकत, कुजलेल्या ओंडक्यांवर व गवताच्या झुबक्यांवर बोथट बाण मारीत सराव करण्याची जी आनंददायक वहिवाट या मंडळींत आहे, तिच्यासाठी याहून सोयीचे साधन नाही. परंतु हंगामातली एक सकाळ डोळ्यांसमोर आणावी. शिकारी उभा आहे, पंधरा यार्डांवर पांढऱ्या शेपटीचे हरीण पाला खुडते आहे, आणि काही कारणाने प्रत्यंचेवर बाण नाही. उजवा हात आता खांद्याच्या वर, डोक्याच्या मागे गेला पाहिजे. तेथून पिसे चाचपून एक बाण तीस इंच वर ओढला पाहिजे. तो डोक्यावरून पुढे आणला पाहिजे. हरणाला रंग आपल्याइतके कळत नाहीत, पण हालचाल फार लवकर कळते, आणि माणसाच्या शरीराने करता येण्याजोग्या हालचालींत याहून ठळक हालचाल दुसरी सांगता येणार नाही. पिसे एकमेकांवर सरकतात त्याची बारीक सळसळ वेगळीच. हरीण मान वर करते, पुढचा पाय एकदा आपटते, आणि शेपटीची पांढरी बाजू दाखवीत दिसेनासे होते.

दुसरा दोष वाकण्याचा. कुंपणाखालून सरकताना किंवा बुटाचा बंद बांधताना पाठ वाकली की, बाण एकेक करून डोक्यावरून जमिनीवर यावयाचे. अनुभवी माणूस वाकण्यापूर्वी भात्याचे तोंड हाताने आवळून धरतो, आणि दाट झाडोऱ्यात भाता बगलेखाली ओढून घेतो. तिसरा दोष पात्यांचा. शिकारी बाणाला जे रुंद पाते असते, आणि पुष्कळ राज्यांच्या नियमांत ते कमीत कमी ७/८ इंच रुंद असावे अशी अट असते, ते वस्तऱ्याइतके धारदार लागते. कारण असा बाण धक्क्याने मारीत नाही, रक्तस्रावाने मारतो, आणि बोथट पाते म्हणजे जखमी होऊन दूर गेलेले, न सापडलेले जनावर. भात्याच्या तळाशी ही पाती एकमेकांवर घासून बोथट होतात आणि तळही कापतात. म्हणून कोणी तळाशी लोकरीसकट मेंढीचे कातडे घालतो, कोणी दाट फोमची चकती बसवतो, आणि काही जुने लोक तर न शिजवलेल्या ओटचा थर ओततात. त्यात पाती रुतून बसतात आणि ओलही शोषली जाते म्हणे. न्याहारीचा हा पदार्थ असा शस्त्रागारात गेलेला पाहून मला मौज वाटली, परंतु युक्ती नामी आहे यात संशय नाही.

पाठीवरच्या भात्याच्या या दोषांना उत्तर म्हणून धनुष्यालाच जडवलेला भाता पुढे आला. मिशिगनचे कारखानदार फ्रेड बेअर यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. यात एका बाजूला पाती झाकणारी टोपी असते, दुसऱ्या बाजूला रबराचे चिमटे असतात, आणि चार ते आठ बाण धनुष्याला समांतर, एकमेकांना स्पर्श न करता बसतात. बाण काढताना हात छातीच्या पुढेच राहतो. हालचाल इतकी अल्प की, ती झाडाआड दडवता येते. पाठ मोकळी राहिल्याने पिशवी घेता येते, आणि सरपटत जाणाऱ्याला वाकण्याचे भय उरत नाही. आज शिकारीसाठी सर्वांत अधिक वापर याच प्रकाराचा आहे, आणि केवळ उपयुक्ततेच्या कसोटीवर निकाल द्यावयाचा तर तो याच्याच बाजूने द्यावा लागेल.

मात्र त्याची किंमत धनुष्याला मोजावी लागते. पाचशे ग्रेनांचा एक बाण म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. असे सहा बाण आणि भात्याचे स्वतःचे वजन मिळून ३०० ग्रॅमच्या पुढे भार जातो, आणि एखादा सडपातळ लाँगबो मुळात अर्धा-पाऊण किलोचाच असतो. वजनाने धनुष्य हातात स्थिर राहते असे काही जण म्हणतात, व ते खोटेही नाही. परंतु ते वजन एकाच बाजूला असल्याने धनुष्य तिकडे झुकू पाहते, आणि आडवा वारा सुटला की पिसांच्या त्या फळीला धरून तो धनुष्यच फिरवतो. बाण सुटताच जो हादरा बसतो त्याने सैल चिमट्यातले दांडे थरथरतात आणि तो आवाज सावजाच्या कानांवर बाणाच्या आधी पोहोचतो. यास्तव नियम असा की, शिकारीत जर भाता धनुष्यावर ठेवावयाचा असेल तर सरावातही तो, बाणांसकट, धनुष्यावरच ठेवावा. एरवी हलक्या धनुष्याने नेमबाजी करून ऐन वेळी भार चढवणाऱ्याचा नेम चुकला तर दोष भात्याचा नव्हे. मचाणावर बसणाऱ्यांनी तर सहज काढता येणारा प्रकार घ्यावा आणि वर पोहोचल्यावर तो फांदीला लटकवावा. आणि मचाणावर चढताना भाता आणि धनुष्य अंगावर घेऊन चढू नये, दोरीने मागाहून वर ओढून घ्यावे, हे प्रत्येक शिकाऱ्याला पहिल्याच दिवशी बजावले जाते. उघड्या पात्यांवर पडण्याचा अपघात फार भयंकर असतो.

कमरेचा भाता येथे थोडक्यात उरकतो. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ साली बर्लिनमध्ये विश्वविजेतेपदे मिळवली तेव्हा अशाच भात्यातून बाण काढले असणार, कारण स्पर्धेच्या मैदानावर त्याला तोड नाही. बाण डोळ्यांसमोर, हात खाली, खिशात लहानसहान जिन्नस. परंतु मैदानात झुडपे नसतात. रानात हाच भाता मांडीवर आपटतो, काटेरी फांद्यांत अडकतो, आणि मागे झुकलेली पिसे प्रत्येक खोडाला स्पर्श करीत जातात. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील आदिवासी घोडेस्वार जो लांब, कातडी पिशवीसारखा भाता बगलेतून किंवा पाठीवर आडवा टाकीत, त्याच्या धर्तीवर केलेला आडवा भाता पुष्कळांना या कारणाने अधिक भावतो; चालताना तो कोपराने दाबून धरता येतो व बाण पुढून ओढता येतो.

माझे स्वतःचे मन मात्र एका चौथ्याच प्रकारावर बसले आहे, आणि त्याचे श्रेय सिॲटलच्या ग्लेन सेंट चार्ल्स यांच्याकडे जाते. वर उल्लेखिलेली पोप-यंग संस्था स्थापण्यातही त्यांचाच पुढाकार होता. त्यांच्या भात्यात पिसे वर, एका टोपीखाली, संपूर्ण झाकलेली असतात. पाती खाली फोममध्ये रुतलेली असतात. आणि बाण खांद्यावरून वर ओढण्याऐवजी कमरेपाशी हात नेऊन खालून, बाजूने काढावयाचा असतो. पावसाचे पाणी पिसांवर पडत नाही, फांदी अडकत नाही, आणि बाण काढताना हात अंगाच्या आडोशातच राहतो. पाहावयास तो बेढब दिसतो, आणि त्याचा हात बसावयाला काही दिवस सराव करावा लागतो, म्हणून बहुधा त्याला मऊ कातड्याच्या भात्याइतके भक्त लाभले नाहीत. पण पावसाळी, दाट जंगलात हिंडणाऱ्याने देखणेपणाचा मोह आवरावा.

झाकलेल्या भात्याची ही कल्पना नवी नाही. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात जो सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा मनुष्य सापडला, ज्याला आज ओट्झी म्हणून ओळखतात व ज्याचे सामान बोल्झानोच्या संग्रहालयात ठेवलेले आहे, त्याच्याजवळही कातड्याचा भाता होता, आणि २०१६ मध्ये झालेल्या तपासणीत ते कातडे रो जातीच्या लहान हरणाचे निघाले. भात्याला ताठ ठेवण्यासाठी हेझल झाडाची एक काठी बाजूने शिवलेली होती आणि तोंडावर झाकण होते. आत चौदा दांडे होते. त्यांपैकी पिसे व गारगोटीचे अग्र लावून पुरे झालेले दोनच, आणि तेही मोडलेले. बाकीचे घडवावयाचे राहिले होते. त्यांच्याबरोबर दोरीचा गुंडा होता, शिंगाची टोके होती, जनावराचे स्नायू होते. म्हणजे तो भाता केवळ बाणांची पिशवी नव्हता. दुरुस्तीचे सामानही त्यातच ठेवण्याची तरतूद होती. आजच्या भात्यालाही एक खिसा असावा असा जो आग्रह धरला जातो, त्यात कानस, मेणाचा तुकडा आणि जादा प्रत्यंचा राहावी, तो या दृष्टीने फारच प्राचीन ठरतो. १५४५ साली बुडालेल्या व १९८२ साली वर काढलेल्या मेरी रोझ या इंग्लिश युद्धनौकेवर कातड्याच्या गोल चकत्या सापडल्या, प्रत्येकीला चोवीस भोके. एकेका भोकातून एकेक बाण ओवल्याने पिसे एकमेकांपासून अलग राहत. आजच्या रबराच्या चिमट्यांमागे तोच विचार आहे.

खरेदीविषयी सांगण्यासारखे थोडेच उरले. भाता दुकानात रिकामा पाहून घेऊ नये. आपले स्वतःचे बाण, आपण बाळगतो तितकेच आणि पाती चढवलेले, सावधपणे त्यात भरावेत. मग दुकानातच चालून पाहावे, वाकून पाहावे, एका पायावर दोनदा उडी मारावी, आणि सोबत आलेल्या माणसाला दहा पावलांवर, पाठ करून उभे करून काय ऐकू आले ते विचारावे. दुकानदार हसेल, पण त्याने हरकत घेतल्याचे मी ऐकलेले नाही. पात्यांच्या टोपीत बोट घालून तळ किती जाड आहे याची खातरजमा करून घ्यावी. टोपीबाहेर पात्याचा कोणताही भाग दिसत असेल तर तो भाता, कारागिरी कितीही उत्तम असो, नाकारावा. बाण किती बाळगावेत याविषयी मतभेद आहेत. शिकारीला पाच-सहा पुरेत, त्यांतला एक सरावाचा बोथट असावा.

या भात्याच्या किमतीत सरकारचाही वाटा असतो. अमेरिकेत बंदुका आणि दारूगोळा यांवरच्या ज्या कराचा महसूल वन्यजीवांच्या रक्षणासाठी राज्यांना वाटण्याचे १९३७ साली ठरले, त्याची हद्द १९७२ साली धनुर्विद्येच्या सामानापर्यंत वाढवण्यात आली, आणि त्यामुळे भात्यावरही ११ टक्के कर उत्पादकाकडून वसूल होतो. त्याच वर्षी आपल्याकडे शिकार बंद करणारा कायदा झाला. एकाच हेतूने दोन देशांनी किती भिन्न वाटा धरल्या, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कराचा हा भार टाळण्यासाठी नव्हे, पण हौसेने, पुष्कळ जण भाता घरीच शिवतात. त्यासाठी गाईचे किंवा हरणाचे सुटेसे कातडे, मेण लावलेला दोरा, आरी आणि दोन सुया एवढे साहित्य पुरते. लांबी बाणावरून ठरवावी; पिसे तोंडाबाहेर पूर्णपणे राहतील, त्यांची मुळे कडेवर घासणार नाहीत, इतकी ती असावी. तोंड रुंद, तळ किंचित अरुंद ठेवावा. तळाची शिवण आतून घ्यावी, आणि पात्यांच्या उंचीएवढा दुसरा कातड्याचा थर तेथे चढवावा. खांद्याच्या पट्ट्याला मात्र दोनतीन भोके जादा पाडावीत. सप्टेंबरात सदऱ्यावर बसवलेला पट्टा नोव्हेंबरात जाड लोकरीच्या कोटावरून जात नाही.